मुलासाठी जुनं, अस्सल, पण गल्लोगल्ली ऐकू न येणारं नाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तीन भाच्यांची आत्या आहे. तिघांच्याही कानात नाव सांगण्याआधी घरात महिनाभर खल झाला. पुढे मैत्रिणी, शेजारणी, ऑफिसातल्या मुली असं करत करत नाव शोधून देणं हे माझं आवडीचं कामच झालं. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. इथली बहुतेक नावं मराठी घरांतली आहेत.

आम्हाला नाव जुनं हवं, पण म्हातारं वाटायला नको. असं नाव असतं का?

असतं, फक्त थोडं मागे जावं लागतं. प्रभाकर, सुधाकर, दिनकर, मधुकर ही नावं आपल्याला म्हातारी वाटतात, कारण ती आपण आजोबांच्या वयाच्या माणसांना लावलेली पाहिली आहेत. राजेश, महेश, संदीप, प्रशांत ही काका-मामांची. पणजोबांना आणि खापरपणजोबांना मात्र आपण पाहिलेलंच नसतं, त्यामुळे त्यांच्या नावाला चेहरा चिकटलेला नसतो. केशव, माधव, राघव ही नावं म्हणूनच आता पुन्हा पाळण्यात आली आहेत. त्यांच्याच बरोबरीची श्रीरंग, रंगनाथ, श्रीपाद, चिंतामणी, विश्वंभर, त्र्यंबक, अच्युत ही नावं अजून तितकी परतलेली नाहीत. माझं पहिलं सांगणं नेहमी एकच असतं : दोन पिढ्या मागे थांबू नका, चार पिढ्या मागे जा.

उलट, नवीन म्हणून जी नावं शोधली जातात ती हल्ली फार लवकर एकसारखी होतात. शिवांश, देवांश, दिव्यांश, प्रियांश, रेयांश अशी पाच मुलं एका वर्गात असली की बाईंनी हाक मारल्यावर पाचही जण मान वळवतात.

पण पणजोबांच्या पलीकडची नावं आम्हाला माहीतच नाहीत. ती मिळणार कुठे?

घरात जिवंत असलेल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. "आजोबा, तुमच्या आजोबांना किती भाऊ होते?" इथून सुरुवात करा. फक्त वडिलांकडचं विचारू नका. आजीचं माहेर, आईचं आजोळ, तिकडचे मामा-आजोबा यांची नावं आपल्या वंशावळीत लिहिलेली नसतात आणि नेमकी तिथेच सुंदर नावं पडून असतात.

मग कागद. शेती असेल तर जुने सातबारे आणि त्याहून जास्त फेरफार बघा. वारसांची नोंद करताना तिथे भावाभावांची नावं ओळीने आलेली असतात. गावच्या शाळेचं जुनं दाखल-खारिज रजिस्टर असंच मोलाचं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घरातून कोण कधी येऊन गेलं याच्या नोंदी असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते पान काढून देतात. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं घेतली जातात, त्यामुळे घरात श्राद्ध करणाऱ्या काकांना ती पाठच असतात.

हे सगळं एका नावासाठी कशाला, असं वाटेल. माझ्या मधल्या भाच्याचं नाव आम्हाला एका फेरफारात मिळालं. आज तो पाहुण्यांना सांगतो, "हे माझ्या आजोबांच्या आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव आहे." सात वर्षांच्या पोराला हे सगळं नातं न अडखळता सांगता येतं.

आजोबांचं नाव नातवाला ठेवलं तर आजी त्याला हाक कशी मारणार?

हा प्रश्न आजही येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत अनेक घरांत होती. म्हणूनच तर बापू, नाना, तात्या, अण्णा, आबा, भाऊ अशी हाकेची नावं आपल्याकडे एवढी रुजली. कधी कधी ती इतकी रुजली की मूळ नाव झाकलं गेलं. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी होतं. तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, बाळ हे लाडाचं, आणि पुढे जगाने बाळ गंगाधर हेच ओळखलं.

तोडगा या रीतीतच आहे. कागदावर आजोबांचं नाव ठेवा, घरात हाकेचं नाव वेगळं ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे त्याच देवाचं दुसरं नाव घेणं. आजोबा दत्तात्रय असतील तर नातू श्रीपाद किंवा अवधूत. आजोबा पांडुरंग असतील तर नातू श्रीरंग. आजोबा शंकर असतील तर नातू शर्व किंवा त्र्यंबक. आजीलाही संकोच नाही आणि आजोबांनाही कळतं की नाव आपलंच आहे.

देवाचं नाव हवं, पण जे सगळे ठेवतात ते नको. कुठून काढू?

संध्येत आचमनाच्या वेळी विष्णूची चोवीस नावं म्हणतात, ती काढून बघा : केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर, संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, अनिरुद्ध, पुरुषोत्तम, अधोक्षज, नारसिंह, अच्युत, जनार्दन, उपेंद्र, हरी, श्रीकृष्ण. यातली निम्मी तरी तुमच्या ओळखीत कुणाचीच नसतील. मला स्वतःला त्रिविक्रम, पद्मनाभ, संकर्षण आणि प्रद्युम्न ही फार आवडतात. अधोक्षज सुंदर आहे, पण ते मुलाला आयुष्यभर समजावून सांगावं लागेल, एवढी तयारी ठेवा.

यातल्या पहिल्या बारा नावांचा बारा महिन्यांशी संबंध आहे. मार्गशीर्षाचा केशव, पौषाचा नारायण, माघाचा माधव, फाल्गुनाचा गोविंद, चैत्राचा विष्णू, वैशाखाचा मधुसूदन, ज्येष्ठाचा त्रिविक्रम, आषाढाचा वामन, श्रावणाचा श्रीधर, भाद्रपदाचा हृषीकेश, आश्विनाचा पद्मनाभ आणि कार्तिकाचा दामोदर. जन्ममहिन्याचं नाव ठेवलं तर "हेच का?" या प्रश्नाचं उत्तर आपोआप तयार असतं.

विष्णुसहस्रनामही एकदा नाव शोधण्याच्या नजरेने वाचा. सुव्रत, सुमुख, सत्यसंध, श्रीनिधी, अनिमिष, वाचस्पती, धनंजय ही सगळी तिथली.

कुलदैवतावरून नाव ठेवायचं आहे, पण खंडोबा किंवा ज्योतिबा हे नाव आजच्या मुलाला कसं ठेवू?

देवाची बाकीची नावं बघा. खंडोबाचे मल्हार आणि मार्तंड. मल्हार आता बराच ऐकू येतो, मार्तंड अजून नाही, आणि मार्तंड म्हणजे सूर्य. ज्योतिबा म्हणजे केदार. भैरवनाथ असेल तर भैरव. गोव्याशी नाळ असेल तर मंगेश, नागेश आहेतच. विठोबाचं म्हणाल तर पंढरी हे नाव गावाकडे पुरुषांना सर्रास होतं. आज ते शहरात कुणाचंच नसेल आणि हाक मारायला किती गोड आहे!

गणपतीची नावं हवी असतील तर अष्टविनायक डोळ्यासमोर आणा. मोरगावचा मोरेश्वर, थेऊरचा चिंतामणी, महडचा वरदविनायक, लेण्याद्रीचा गिरिजात्मज. पालीचा गणपती तर बल्लाळ नावाच्या भक्ताच्या नावाने ओळखला जातो. बल्लाळ हे छोटं, ठसठशीत नाव आहे आणि आज जवळपास विसरलं गेलं आहे. वरद आणि चिन्मय पुष्कळ झाले, बल्लाळला मात्र संधी मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

संतांच्या घरातली नावं?

ज्ञानेश्वर आणि तुकाराम सगळ्यांना आठवतात, त्यांच्या आजूबाजूची माणसं आठवत नाहीत. निवृत्ती आणि सोपान ही भावंडंच बघा. सोपान म्हणजे जिना, पायऱ्या. किती साधा आणि किती खोल अर्थ. एकनाथांचे वडील सूर्यनारायण, आजोबा चक्रपाणी, पणजोबा भानुदास. तुकोबांच्या घराण्याचे मूळपुरुष विश्वंभर. महानुभाव पंथाकडे वळलात तर चक्रधर आणि नागदेव.

नामदेवांच्या चार मुलांची नावं नारा, विठा, गोंदा आणि महादा. म्हणजेच नारायण, विठ्ठल, गोविंद आणि महादेव, पण मराठी तोंडात घोळून मऊ झालेले. अस्सल मराठी नाव बऱ्याचदा असं संस्कृत नावाच्या मराठी रूपात सापडतं. विश्वनाथचा विसाजी, कृष्णाचा कान्होजी, भैरवाचा बहिर्जी, महादेवाचा महादजी, मोरेश्वराचा मोरो. थोरल्या बाजीरावांचं मूळ नाव विसाजी होतं. कान्हा आणि विठू हल्ली कागदावरही येऊ लागले आहेत, मग कान्हो का नको?

इतिहासातलं नाव हवं, पण शिवाजी-संभाजी ही नावं ठेवायची हिंमत होत नाही.

मावळ्यांची नावं घ्या : सूर्याजी, येसाजी, कोंडाजी, हिरोजी. नावातला "जी" काढला की काही नावं आजच्या कानाला सरळ बसतात. फक्त एक ध्यानात ठेवा. हंबीरराव आणि प्रतापराव हे किताब होते. हंबीरराव मोहित्यांचं नाव हंसाजी आणि प्रतापराव गुजरांचं कुडतोजी. आज हंबीर हे स्वतंत्र नाव म्हणून ठेवायला काहीच हरकत नाही, पण मुलाला खरी गोष्ट सांगा.

त्याहून मागे गेलात तर देवगिरीच्या यादवांचे भिल्लम, सिंघण, जैतुगी ही नावं भेटतात. ऐकताना रांगडी वाटतात. राष्ट्रकूटांकडे ध्रुव, दंतिदुर्ग आणि अमोघवर्ष, ज्यातला अमोघ आजही छान चालतो. वाकाटकांकडे प्रवरसेन आणि हरिषेण. शिलाहारांकडे अपरादित्य. आदित्य घराघरात आहे, अपरादित्य कुठेच नाही.

महाभारत, उपनिषदं?

अर्जुन, कर्ण, अभिमन्यू सोडून बघा. सात्यकी हा कृष्णाचा जिवलग योद्धा. भीमाचा मुलगा सुतसोम, नकुलाचा शतानीक. विकर्ण हा कौरवांमधला असून द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने बोलला. नचिकेत आता ओळखीचा झाला. सत्यकाम फारसा नाही. "तुझं गोत्र काय?" असं गुरूने विचारल्यावर आईने सांगितलं तेच त्याने सांगितलं : गोत्र माहीत नाही, आई जबाला, म्हणून मी सत्यकाम जाबाल. खरं बोलला म्हणून गुरूने त्याला शिष्य केलं. एवढी गोष्ट सोबत असलेलं नाव मला दुसरं माहीत नाही.

आम्ही बौद्ध आहोत. सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद यांच्यापलीकडे काही?

भरपूर. नागसेन, उपाली, अनुरुद्ध, महिंद, नागार्जुन, वसुबंधू, अश्वघोष, धर्मकीर्ती. मिलिंद एका पिढीत पुष्कळ ठेवलं गेलं, पण आजच्या लहान मुलांत कमी दिसतं. आणखी दहा वर्षांनी ते पुन्हा ताजं वाटेल. बुद्धांच्या सुरुवातीच्या शिष्यांमधला एक यश होता, पण आज यश इतके आहेत की तो संदर्भ हरवतो.

जैन घरांना मी अजित आणि पार्श्वच्या पुढे जाऊन श्रेयांस सुचवते. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. लोक "श्रेयांश" लिहितात, तेवढं मात्र जपा.

धोंडू, दगडू, भिकाजी ही नावं कुणी ठेवायचं का? आमच्या घरात ती आहेत.

ज्या घरात आधीची मुलं दगावली, तिथे पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून असं ओबडधोबड नाव ठेवत. त्या नावामागे आईची भीती आणि माया दोन्ही आहे, म्हणून त्याची थट्टा मला सहन होत नाही. आज ते नाव ठेवायला कुणी तयार होणार नाही हे मी समजू शकते. धुंडिराज मात्र वेगळं आहे. ते गणपतीचं नाव. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. धोंडोपंत नावाच्या पणजोबांची आठवण ठेवायची असेल तर धुंडिराज ठेवा. आवाज जुळतो आणि नाव भारदस्त आहे.

पत्रिकेतून जे अक्षर आलं त्यावर धड नावच नाही. काय करू?

सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी एकशे आठ अक्षरं अवकहडा चक्रात आहेत. त्यात आर्द्राच्या एका चरणाला "ङ" येतो आणि हस्ताच्या एका चरणाला "ण". या अक्षरांवरून नाव सुरू होत नाही हे जुन्या माणसांनाही ठाऊक होतं. म्हणूनच नावरस नाव, म्हणजे या अक्षरावरून येणारं नाव, वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ठेवायची सोय परंपरेतच आहे. नावरस नाव पत्रिकेत लिहा आणि हाकेसाठी हवं ते ठेवा. अक्षराच्या अट्टाहासापायी न आवडणारं नाव ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. पुढे त्या मुलाला कुणी त्या नावाने बोलावतच नाही.

मुलाच्या नावात सम अक्षरं असावीत असं गुरुजी म्हणाले. खरं आहे का?

गृह्यसूत्रांत तसं सांगितलं आहे. मुलाला दोन किंवा चार अक्षरी, मुलीला विषम. पण केशव, माधव, गोविंद ही तीन अक्षरीच आहेत आणि शतकानुशतकं ठेवली गेली. तेव्हा नियम जमला तर उत्तम.

नावाचा अर्थ कसा तपासायचा? साइटवर तर सगळ्यांचा अर्थ "तेजस्वी" किंवा "देवाचा अंश" असतो.

संस्कृत-मराठी शब्दकोश उघडा. आरवचा अर्थ "शांत" असा सर्रास दिलेला असतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गर्जना. नेमका उलट! नय म्हणजे नीती, म्हणून अनय म्हणजे अनीती, दुर्दैव. नाव ठेवलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, माणूसच नावाला अर्थ देतो. पण अजून ठेवायचं असेल तर आधी कोश बघा. शब्द कोशात सापडतच नसेल, तर तो कुणीतरी अलीकडे जुळवलेला असण्याची शक्यता जास्त. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला "प्राचीन संस्कृत नाव" म्हणू नका.

वेगळ्या नावाने मुलाला शाळेत त्रास होणार नाही ना?

नाव ठरवण्याआधी तीन गोष्टी करून बघा. एक, दारात उभं राहून ते नाव मोठ्याने हाकारा, जसं पोरगं खाली खेळत असताना हाकाराल तसं. बभ्रुवाहन कागदावर भव्य आहे, पण तिसऱ्या मजल्यावरून हाक मारून बघा. दोन, त्याला "या" लावा. मराठीत प्रत्येक मुलाचं नाव कधी ना कधी मित्रांच्या तोंडी "या"कारान्त होतं. राघवचा राघ्या होणारच, त्याची चिंता नको. पण "या" लावून भलताच शब्द तयार होत असेल तर थांबा. तीन, वडिलांचं नाव आणि आडनाव जोडून सलग म्हणा. लांब नावाला छोटं आडनाव आणि छोट्या नावाला लांब आडनाव सहसा चांगलं बसतं.

नाव खरंच कमी ठेवलं जातं हे कसं कळेल?

बालवाडीच्या बाईंना विचारा, त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आपल्या भागाची मतदार यादी चाळली तर नावापुढे वय असतं, त्यावरून कोणतं नाव कोणत्या पिढीचं हे लगेच दिसतं. आणि मालिकेतल्या नायकाचं नाव टाळा. आज ते कुणाचंच नसेल, वर्षभराने बालवाडीत तीन असतील.

लिहिताना काय जपायचं?

हृषीकेश हे सगळ्यांत जास्त चुकणारं नाव. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश. "ऋषिकेश" लिहिलं की अर्थच बदलतो. ज्ञ असलेलं नाव इंग्रजीत कुणी "डी-एन-वाय" ने लिहितं, कुणी "जी-वाय" ने. ळ तर इंग्रजीत उरतच नाही, त्यामुळे बल्लाळचा "बल्लाल" होईल. एक स्पेलिंग ठरवा आणि जन्मदाखल्यापासून तेच ठेवा.

बारशापर्यंत नाव ठरलं नाही तर? दवाखान्यातले लोक घाई करतात.

घाई नको. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते, नाव मात्र तेव्हा नसलं तरी चालतं. नावाशिवाय नोंद झाली असेल तर बारा महिन्यांत ते विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. पण एकदा भरलेलं नाव बदलायचं म्हणजे राजपत्रापर्यंत जावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट यांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे, म्हणून तिथलं अक्षर न् अक्षर तपासून घ्या.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तेव्हा नाव म्हणून बघताना आईचं नावही जोडून म्हणा. आपल्याकडे हे काही नवीन नाही. सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असं आईच्या नावावरून म्हणवत, आणि नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरवून घेतलेला लेख आजही आहे.

सगळ्यांचं एकमत होत नाही. शेवटी ठरवायचं कुणी?

आई-वडिलांनी. आत्या म्हणूनच सांगते, कानात नाव सांगण्याचा मान माझा, निवडण्याचा नाही. घरातल्या बाकीच्यांचं मन राखायचं तर पाळण्यात तीन-चार नावं ठेवा. आजीचं एक, मामाचं एक, नावरस एक. पाळण्यावरून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणताना ती सगळी मोठ्याने घ्या. दाखल्यावर जाणारं नाव मात्र आधीच चिठ्ठीवर लिहून आत्याच्या हातात द्या. आमच्याकडे ऐनवेळी पाठीत धपाटे बसले आणि गडबडीत मी चुकीचं नाव सांगणार होते.